धुणं, वारा आणि चिमटा

पुनर्विकास होऊन नव्या इमारतीत गेलेल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत हल्ली एक विषय हमखास निघतो: खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे की नाही. आमच्याकडे तो मागच्या वर्षी निघाला. दर्शनी बाजूच्या खिडक्यांना दोरी, रॉड किंवा स्टँड लावू नये, लावल्यास दंड घ्यावा, असा ठराव मांडला गेला आणि पार्किंगवर झाली नसेल एवढी बोलाचाली त्यावर झाली. ठराव मांडणाऱ्यांनी पुरावा म्हणून एक कॅरीबॅग टेबलावर उपडी केली. वॉचमननं महिनाभर आवारातून, गाड्यांच्या टपांवरून आणि पंपाच्या खोलीच्या पत्र्यावरून गोळा केलेले चिमटे तिच्यात होते. निळे, हिरवे, गुलाबी. बरेचसे एका बाजूनं तुटलेले, काहींची नुसती तार उरलेली. कुणीतरी मोजले, ते ६९ भरले.

त्या ढिगाकडे बघताना माझ्या मनात वेगळाच हिशोब चालू होता. आजीच्या घरात रोज दहा-बारा माणसांचं धुणं निघायचं, पण घरात एकही चिमटा नव्हता. आईकडे एक डझन होते आणि ते मोजून डब्यात ठेवलेले असत. माझ्या घरात आज किती आहेत, मला सांगता येणार नाही. तीन पिढ्यांत हा फरक कसा पडला ते पाहिलं, तर खिडकीच्या वादात कोण चूक आणि कोण बरोबर एवढ्यावर गोष्ट संपत नाही, हे लक्षात येतं.

चिमटा ही वस्तू आपल्याकडे उशिरा रुळली. लोकांना ती माहीत नव्हती म्हणून नव्हे, तर तिचं काम दुसरंच काहीतरी करत होतं म्हणून.

युरोप-अमेरिकेतला तिचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. लाकडाचा तुकडा अर्ध्यापर्यंत चिरून दोन पायांसारखा केलेला खुंटा कपड्यावरून दोरीवर दाबून बसवायचा, ही तिकडची जुनी पद्धत. इंग्लंडमध्ये भटकी रोमा कुटुंबं विलोच्या फांद्या कापून, जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून असे खुंटे करत आणि दारोदार विकत. १८५३ साली अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या एका कारागिरानं दोन लाकडी पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंग अशा चिमट्याचं पेटंट घेतलं. त्याच्या अर्जातला मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे: साधा खुंटा वाऱ्यानं कपड्यावरून निसटतो, हा निसटणार नाही. म्हणजे भांडण पहिल्यापासून वाऱ्याशी होतं. पुढे १८८७ साली त्याच राज्यातल्या दुसऱ्या एकानं मधली स्प्रिंग एकाच तारेच्या वेटोळ्याची केली आणि आज आपण वापरतो तो चिमटा जवळजवळ तिथेच पूर्ण झाला. १८५२ ते १८८७ या ३५ वर्षांत अमेरिकेत कपड्यांच्या चिमट्यांना १४६ पेटंटं दिली गेली. त्यातली बहुतेक विसरली गेली, तारेचं वेटोळं टिकलं.

त्याच काळात मराठी घरात धुणं कुठे वाळत होतं? बऱ्याच अंशी घरात, डोक्यावर. आढ्याला किंवा तुळईला दोन दोऱ्या बांधून त्यांत आडवा बांबू सोडलेला असे, तीच दांडी. दोरी ताणून बांधली तर ती वलणी. माजघरात एक, पडवीत एक, परसात एक. काठीच्या टोकावर ओलं लुगडं तोलून ते दांडीवर टाकायचं, मग त्याच काठीनं दोन्ही पदर सारखे करायचे. नऊवारी सुती लुगडं ओलं असताना उचलून पाहिलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. ते एकदा दांडीवर दुहेरी पडलं की स्वतःच्या वजनानं जागचं हलत नाही. धोतराचं तसंच, पंचाचंही तसंच. घरात वारा नाही, कापड जड आणि दांडी जाड. चिमटा लावायचा तो कशाला?

सोवळ्यात तर त्याला जागाच नव्हती. ज्या घरांत सोवळं कडक पाळलं जाई तिथे सोवळ्याचं लुगडं, धोतर वेगळ्या उंच दांडीवर जात असे आणि वाळल्यावर पुन्हा काठीनंच खाली येई. मधल्या वेळात कुणाचा हात लागता कामा नये, यासाठी ती सगळी उंची आणि ती काठी. चिमटा तर बोटांनीच लावावा लागतो आणि बोटांनीच काढावा लागतो. ही वस्तू त्या व्यवस्थेला मानवणारीच नव्हती. त्या उंच दांडीमागे शिवाशिवीचा विचार होता, लहान मुलांना आणि घरकामाला येणाऱ्यांना लांब ठेवण्याची सवय होती, हेही सांगायला हवं. आजीच्या दांडीबद्दल मी मायेनं लिहितो आहे, पण त्या काठीच्या टप्प्याबाहेर कुणाकुणाला उभं राहावं लागत होतं ते मला माहीत आहे.

घराबाहेरचं वाळवणं याहून सोपं होतं. नदीवर धुणं धुवायचं आणि तिथेच तापलेल्या खडकावर पसरायचं. कोकणात परसातल्या गडग्यावर टाकून वर एक चिरा किंवा दगड ठेवायचा. देशावर काटेरी कुंपण हाच चिमटा: बोरी-बाभळीचे काटे कापड धरून ठेवत आणि घाईनं ओढलं की फाडतही. पावसाळ्यात मात्र सगळं आत यायचं. मृग लागल्यापासून पुढचे दोन-अडीच महिने कोकणातल्या घरांत चुलीच्या वर, पडवीत, मिळेल तिथे दोऱ्या बांधलेल्या असत आणि कपड्यांना धुराचा वास लागे. कुबट वासापेक्षा तो बरा, असं आजी म्हणायची.

चिमट्यावाचून मोकळ्या वाऱ्यात कपडे वाळवता येतात याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत आजही डोळ्यांसमोर आहे. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट १८९० च्या सुमाराचा. लोक कौतुकानं रंगांच्या रांगांचे फोटो काढतात. पण नजर जरा बारीक करून दोरीकडे पाहावं. ती एकेरी नसते. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ देऊन ताणलेल्या असतात. कपड्याचं टोक हातात घेऊन दोन पेडांच्या मध्ये अंगठ्यानं सारायचं आणि सोडायचं. पीळ मिटतो आणि टोक आत घट्ट बसतं. जोराचा वारा आला की कापड ओढलं जातं, दोरी ताणली जाते आणि पकड अजून आवळते. काढताना खालून एक हिसका द्यायचा. शेकडो शर्ट, चादरी, हॉटेलांचे टॉवेल असे लागतात आणि चिमटा कुठे दिसत नाही. तासाला एवढे कपडे टाकायचे-काढायचे असतील तर प्रत्येकाला दोन चिमटे लावणं परवडणारंही नाही. अलीकडे घाटावर मोठी धुलाई यंत्रं आणि ड्रायर आले, तरी पिळाच्या दोऱ्या अजून आहेत. ही युक्ती पूर्वी घरोघरी होती. काथ्याची किंवा सुंभाची दोरी दुहेरी करून पीळ दिला की तिलाच दात येत.

मग बदललं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्या तिन्ही साधारण १९६० ते १९८० या वीस वर्षांत एकत्र आल्या.

पहिली गोष्ट दोरी. नायलॉनची दोरी आली. ती कुजत नाही, पावसात फुगत नाही, कपड्याला तिचे तंतू लागत नाहीत, आणि काथ्याच्या दोरीच्या तुलनेत कितीतरी वर्षं टिकते. पण ती गुळगुळीत. तिला पीळ दिला तरी तो सुटतो आणि कपडे घसरत घसरत मधल्या झोळात गोळा होतात. ज्यांनी तार लावली त्यांचंही तेच, वर गंजाचे डाग.

दुसरी गोष्ट कापड. टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉनच्या साड्या. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट कमी, लवकर वाळणारं कापड. मुंबईच्या चाळीतल्या बाईला याचं केवढं सुख वाटलं असेल, ते ओली सुती चादर एकदा पिळून बघितल्याशिवाय कळणार नाही. पण लवकर वाळतं याचाच अर्थ पाणी धरत नाही, आणि पाणी धरत नाही म्हणजे वजन नाही. नऊवारीच्या जागी पाचवारी आली. तिच्याबरोबर परकर-पोलकं, मग पंजाबी ड्रेस, गाऊन, मुलांचे गणवेश, मोजे, टाय. एका मोठ्या जड कपड्याच्या जागी दहा लहान हलके कपडे. मोजा दांडीवर दुहेरी टाकून राहत नाही.

तिसरी गोष्ट जागा, आणि चिमट्याच्या बाबतीत मला हीच निर्णायक वाटते. धुणं घरातून बाहेर, उंचावर, वाऱ्यात गेलं.

सुरुवात चाळीनं केली. १९२० च्या दशकात मुंबईत सरकारनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्यातली एक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत स्वयंपाक, झोप, अभ्यास, बाळंतपण सगळं व्हायचं. तिथे दांडीवरून ठिबकणारं पाणी कुठे झेलणार? खासगी चाळींमध्ये तर याहून लहान खोल्या होत्या. त्यामुळे धुणं गॅलरीत आलं. कठड्याच्या वर दोऱ्या, कठड्याबाहेर काढलेले बांबू. कुणाची दोरी कुठवर, हे चाळीत लिहिलेलं नसे पण सगळ्यांना ठाऊक असे. शेजारच्या दोरीवर आपला टॉवेल गेला तर आधी विचारावं लागे. पाऊस आला की जो घरी असेल त्यानं चारही घरांचे कपडे आत ओढायचे, हा अलिखित नियम मी स्वतः पाळलेला आहे. उलट्या पावलांनी, हातात शेजारच्या काकूंचे परकर घेऊन, लाजेनं लाल होत.

चाळीतही पुष्कळ वर्षं पिळाच्या दोरीवर भागलं. नायलॉन आणि टेरिलीन आल्यावर मात्र तिसऱ्या मजल्यावरून शर्ट उडून रस्त्यावर पडू लागले. मग चिमटा आला. आधी लाकडी, त्याची तार गंजून पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर तपकिरी ठिपका उमटायचा आणि आई लिंबू-मीठ चोळत बसायची. मग प्लास्टिकचा. लोकलच्या लेडीज डब्यात केसांच्या पिना, टिकल्या आणि रुमालांबरोबर पुठ्ठ्यावर डझनानं लावलेले चिमटे विकायला येऊ लागले. दुकानात मागताना कुणी 'क्लिपा' म्हणायचं, कुणी 'कपड्यांचे चिमटे'. 'कपड्यांचे' म्हणणं भाग होतं, कारण नुसता चिमटा मागितला तर दुकानदार फुलके भाजायचा चिमटा काढून द्यायचा.

स्वस्त चिमट्यांची ही लाट जगभरची होती. स्वस्त आयातीपुढे अमेरिकेतले कारखाने टेकीला आले आणि १९७९ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी कपड्यांच्या चिमट्यांच्या आयातीवर संख्येची मर्यादा घालणारा हुकूम काढला. ज्या देशानं ही वस्तू घडवली त्यालाच तिच्यासाठी कुंपण घालावं लागलं, आणि तेही फार काळ पुरलं नाही.

चिमट्यानं एक काम असं केलं की ज्याबद्दल कुणी बोलत नाही. बायकांचे आतले कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत, हा दंडक चाळीत आणि फ्लॅटमध्ये सारखाच. ते दोरीवर टाकायचे आणि वरून टॉवेल किंवा परकर. दांडीवर घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हे निभावत असे. वाऱ्यात ते शक्य नव्हतं; वरचा टॉवेल उडाला की शोभा. चिमट्यामुळे दोन्ही थर एकत्र धरता येऊ लागले. गॅलरीत धुणं आलं तरी लाज झाकली गेली. पण ज्या कपड्यांना उन्हाची सगळ्यात जास्त गरज, तेच कपडे वर्षानुवर्षं टॉवेलखाली दमट राहिले. त्यातून होणाऱ्या खाजेचा, बुरशीचा त्रास बायकांनी निमूटपणे काढला. आजही गॅलरीत नीट पाहिलं तर दोन चिमट्यांखाली एक टॉवेल आणि त्याखाली काहीतरी, हे चित्र तसंच आहे. मला त्याचा राग येतो.

नव्वदच्या दशकात वॉशिंग मशीन मध्यमवर्गाच्या घरात आलं आणि चिमट्याशिवाय चालेना. मशीनमधून पिळून निघालेला कपडा जवळजवळ अर्धा वाळलेला असतो. हातानं पिळलेल्या कपड्याला खाली ओढणारं पाण्याचं वजन त्याच्याकडे उरत नाही. पहिल्या मिनिटापासून तो वाऱ्याच्या ताब्यात. याच सुमारास गोल किंवा चौकोनी हँगरला डझन-दोन डझन चिमटे लटकवलेली ती वस्तू घरोघरी दिसू लागली. मोजे, रुमाल, बाळाचे लंगोट एकाच आकड्यावर.

इथवरची गोष्ट वस्तूची झाली. यापुढची जागेची आहे आणि तिथेच खरी गुंतागुंत आहे.

फ्लॅट संस्कृतीत धुण्याची जागा म्हणजे बाल्कनी. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार मजल्याच्या क्षेत्रफळाच्या १० टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेत, धरली जात नसे. वर अधिमूल्य भरून ती बंदिस्त करायलाही परवानगी होती. परिणाम सगळ्यांनी पाहिलेला आहे. बिल्डरनं नकाशात बाल्कनी दाखवायची, ती बंद करून हॉलमध्ये घ्यायची आणि खोलीच्या भावानं विकायची. फ्लॉवर बेड, कोनाडे यांचंही तेच. ज्या जागेवर कुंड्या ठेवायच्या तिथे लोकांची बेडरूम दीड-दोन फूट पुढे आली. मग कपडे? ते खिडकीच्या बाहेर, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात गेले. मुंबईच्या इमारतींना जी ग्रिलची पोटं सुटलेली दिसतात, त्यांतली बरीचशी धुण्यासाठी सुटली. त्या पिंजऱ्यात हात घालून, कठड्यावर पोट टेकवून, दातात एक चिमटा धरून दुसरा लावणारी बाई हे शहराचं रोजचं दृश्य आहे. दातात चिमटा धरल्याशिवाय हे काम होत नाही, कारण एका हातात कपडा असतो आणि दुसऱ्या हातानं जाळी धरलेली असते.

जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या नियमांत मोठा बदल झाला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे हे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं आणि त्याची भरपाई म्हणून निवासी बांधकामाला ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे हव्या त्या भागासाठी वापरता येणारा जादा एफएसआय, द्यायचा, असं ठरलं. या बदलाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फुकटच्या जागेच्या नावाखाली जे चालत होतं ते सरळसरळ ग्राहकाला फसवणं होतं. कुठल्या बाल्कनीला किती सूट द्यायची हे कार्यालयात बसून ठरवण्यात जो स्वेच्छाधिकार होता, त्याला आळा बसला, हेही खरं. वर्तमानपत्रांतून तेव्हा जी चर्चा झाली ती महसूल, पारदर्शकता, घरांच्या किमती यांचीच होती.

त्या चर्चेत धुण्याचा शब्द माझ्या वाचनात कुठे आला नाही. आणि परिणाम तर तिथेच झाला. बाल्कनीला खोलीइतकाच एफएसआय लागणार असेल तर बिल्डर बाल्कनी का बांधील? तेवढ्याच फुटांत खोली मोठी दाखवता येते. मध्यम आणि लहान घरांच्या आराखड्यांतून बाल्कनी गळत गेली. महागड्या इमारतींत ती राहिली, पण तिचं नाव 'डेक' झालं, तिला काचेचा कठडा आला आणि तिथे कपडे घालू नयेत हे विक्रीच्या वेळीच सांगितलं जाऊ लागलं. गैरवापर थांबवण्यासाठी केलेल्या नियमानं वापरच थांबवला, असं माझं मत आहे. दहा टक्के जागा सूट म्हणून द्यायची, पण ती बंद करण्याची मुभा काढून घ्यायची, हा मार्ग होता. त्यात देखरेख ठेवावी लागली असती, हे मान्य. उर्वरित महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीनंही बाल्कनी मोजण्याचाच रस्ता धरला.

पुण्याकडे गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे 'ड्राय बाल्कनी' आहे. हा शब्द बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगताना माझी दरवेळी अडचण होते. स्वयंपाकघराला लागून चार-पाच फुटांची चिंचोळी जागा, तिथे नळ, मोरी, वॉशिंग मशीनचं कनेक्शन, सकाळ-संध्याकाळ भांडी घासायला बसणारी बाई. घरातली सगळ्यात ओली जागा आणि नाव ड्राय. मुळात कपडे वाळवायची बाल्कनी, या अर्थानं ते नाव चालू झालं असावं. पुढे तिथे धुण्याचं आणि भांड्यांचं काम आलं, ओल आली, नाव तसंच राहिलं. गंमत म्हणून हे सांगत नाही. यातून नुकसान झालं आहे. घराच्या जाहिरातीत 'ड्राय बाल्कनी' असं छापलं की कपड्यांची सोय झाली असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात ती जागा बहुतेकदा डक्टच्या बाजूला, जिथे दिवसातून तासभरही ऊन पोचत नाही. ओल्या भांड्यांच्या वाफेत कपडे वाळत नाहीत. मग लोक हॉलच्या बाल्कनीत दोरी बांधतात आणि सोसायटी म्हणते, तुम्हाला ड्राय दिलेली आहे ना, मग समोर कशाला? नावावरून हक्क ठरतो आणि नाव खरं नसतं.

जुन्या चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, स्वतंत्र संडास-बाथरूम, लिफ्ट. शंभर वर्षं ज्यांनी सामाईक नळावर काढली त्यांना हे मिळालंच पाहिजे होतं, त्यात दुमत नाही. पण गॅलरी गेली. गॅलरीतल्या दोरीच्या जागी आता विसाव्या मजल्यावरची खिडकी आहे. तिथे वारा चाळीतल्या वाऱ्यासारखा नसतो. एक चिमटा पुरत नाही, दोन लावावे लागतात, आणि तरी पडदा, चादर, शाळेचा शर्ट सुटून जातो.

आणि चिमटाही सुटतो. प्लास्टिक उन्हानं ठिसूळ होतं. एप्रिल-मे सोसलेला चिमटा जूनमध्ये दाबला की कान मोडतो, तार उडते आणि तुकडे खाली. चार ग्रॅमची वस्तू, पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात गेली तर? ठराव मांडणाऱ्यांचा हा मुद्दा मला पटतो. वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचा मुद्दाही पटतो. आपले वाळत आलेले कपडे वरच्यांच्या चादरीनं पुन्हा ओले झाले की काय वाटतं ते मी अनुभवलेलं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये दुसऱ्या सभासदांना त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, असं कलम आहे. पाणी ठिबकणं त्यात बसतं. तुटका चिमटा पडणंही बसेल. पण नुसता कपडा दिसणं हा त्रास आहे का? ठरावाच्या मसुद्यात ठिबकणं, पडणं आणि 'एलिव्हेशन खराब दिसणं' ही तिन्ही कारणं एका वाक्यात, स्वल्पविरामानं जोडलेली होती. पहिल्या दोनांना उपाय आहे, खाली पत्र्याची पन्हळ लावता येते, स्टीलचे चिमटे घेता येतात. तिसऱ्याला कपडे न दिसणं हा एकच उपाय.

हे भांडण आपल्यापुरतं नाही. अमेरिकेत घरमालकांच्या संघटनांनी अंगणात दोरी बांधायला बंदी घातल्यावर काही राज्यांनी उलट कायदे केले. फ्लोरिडात आधीच तसं कलम होतं, २००८ मध्ये कोलोरॅडोनं आणि २००९ मध्ये व्हर्मांटनं, म्हणजे स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट जिथे घेतलं गेलं त्याच राज्यानं, कपडे उन्हात वाळवण्याच्या हक्काला संरक्षण दिलं. ऊर्जा वाचते, हा त्यामागचा युक्तिवाद. पण फ्लोरिडाच्या कायद्यात एक पाचर आहे: सदनिकांच्या कठड्यांना तो लागू नाही. म्हणजे अंगण असलेल्याला हक्क, बाल्कनीवाल्याला नाही. सिंगापूरच्या सरकारी गृहसंकुलांत मात्र इमारत बांधतानाच स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीत बांबू खोचायला नळ्या बसवल्या जात. कपडे लावलेला बांबू खिडकीतून बाहेर काढायचा आणि नळीत खोचायचा. उंच इमारतीत राहणाऱ्या माणसाचंही धुणं निघतं, हे तिथल्या आराखडा काढणाऱ्यांनी आधीच धरून चाललेलं होतं.

आमच्याकडे सध्या लोक काय करतात? ज्यांना परवडतं त्यांनी छताला पुलीचे हँगर लावले आहेत. सहा-सात स्टीलच्या नळ्या, प्रत्येकीला वेगळी दोरी, ओढली की वर जाते. खालून पाहिलं तर ही आजीचीच दांडी आहे, फक्त काठीच्या जागी पुली. त्याच्यावर साडी दुहेरी टाकली की चिमट्याशिवाय राहते, कारण पुन्हा वारा नाही. आणि ऊनही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हॉलचा पंखा रात्रभर कपड्यांसाठी चालू असतो आणि सकाळी मुलांच्या गणवेशाला तोच कुबट वास, ज्यापेक्षा आजीला चुलीचा धूर बरा वाटायचा.

सभेत त्या दिवशी शेवटी तळमजल्यावरच्या एक आजी उठल्या. वय ८० च्या पुढे, जुन्या चाळीतल्या मूळ भाडेकरूंपैकी. त्यांनी ठरावाला विरोध केला नाही की पाठिंबा दिला नाही. टेबलावरच्या ढिगातून त्यांनी धड असलेले चिमटे एकेक करून दाबून पाहिले, चालणारे बाजूला काढले आणि विचारलं, "हे कुणाचे आहेत? नसतील कुणाचे तर मी नेते." १७ निघाले. अध्यक्षांनी ठराव पावसाळा संपल्यावर पुन्हा मांडायचा असं सांगून पुढचा विषय घेतला. तो अजून मांडला गेलेला नाही.